‘टॉय स्टोरी’ बघताना घरात काय झालं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी ‘टॉय स्टोरी’ला तीस वर्षं झाली म्हणून थोडंसं लिहिलं होतं आणि खाली म्हटलं होतं की तुमच्या घरी हा सिनेमा बघताना काय काय झालं ते कळवा, काही विचारायचं असेल तर तेही विचारा. मला वाटलं पाचसहा जण लिहितील, पण पत्रांचा ढीग आला आणि निम्म्याहून जास्त पत्रं रडण्याबद्दल आहेत, कोण रडलं, कुठे रडलं, आणि एकाच घरात एक जण रडत असताना दुसरा हसत कसा होता. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही पण जी पत्रं वाचून मी स्वतः बराच वेळ विचार करत बसले ती इथे घेतेय.

ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, अँडी नावाच्या मुलाची खेळणी तो खोलीत नसताना जिवंत होतात, त्यात वुडी हा कापडी काउबॉय आणि बझ हा प्लास्टिकचा अंतराळवीर. पहिला भाग २२ नोव्हेंबर १९९५ ला अमेरिकेत लागला, पूर्ण लांबीचा आणि पूर्णपणे कॉम्प्युटरवर केलेला जगातला पहिला सिनेमा, पिक्सार या अॅनिमेशन कंपनीचा. मग १९९९, २०१० आणि २०१९ असे पुढचे भाग आले.

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिसरा भाग लावला. शेवटाकडे ती सगळी खेळणी भट्टीकडे घसरत जातात ना, तिथे याने जे भोकाड पसरलं ते थांबेचना, मी टीव्ही बंद केला तरी तासभर हुंदके देत होता, रात्री दोनदा दचकून उठला. ह्यांचं म्हणणं कार्टूनला काय घाबरायचं, तूच त्याला भित्रा करून ठेवलायस. माझं चुकलं का?
— एक आई, पुणे

उत्तर : मुलाला घाबरू दिलंत यात काहीच चुकलेलं नाही, आणि तुमच्या ह्यांना माझ्याकडून सांगा की तो सीन मी २०१० साली थिएटरमध्ये पाहिला तेव्हा माझ्या शेजारी बसलेले चांगले पन्नाशीचे गृहस्थ खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. अमेरिकेत या सिनेमाला सगळ्या वयांना चालेल असं सर्टिफिकेट आहे हे खरं, पण सर्टिफिकेट म्हणजे त्यात शिवीगाळ नाही, रक्त नाही एवढंच, भीती वाटणार नाही असं ते सांगत नाही. तो सीन आठवा ना, कचऱ्याच्या डोंगरावरून सगळे खाली सरकतायत, समोर लाल आग, आधी सगळे धडपडतात, वर चढायला बघतात, मग जेसी, ती काउगर्ल बाहुली, बझकडे बघते आणि तो काही न बोलता तिचा हात धरतो, मग एकेक जण दुसऱ्याचा हात धरत जातो आणि सगळे गप्प होतात. ती धडपड थांबते ना, तेच सगळ्यात भयंकर आहे. मोठ्यांना आतून माहीत असतं की लहान मुलांच्या सिनेमात हिरो जळून मरणार नाही, साडेचार वर्षांच्या पोराला हे कुठून माहीत असणार, त्याने आत्तापर्यंत सिनेमे पाहिलेत किती?

आता एक विचारते, तुम्ही टीव्ही नेमका कुठे बंद केलात? पत्रावरून वाटतंय तिथेच, आग दिसत असताना. म्हणजे तुमच्या मुलासाठी वुडी आणि बझ अजून त्या भट्टीतच आहेत हो. पुढच्याच मिनिटाला वरून तो मोठा क्रेनचा पंजा येतो आणि सगळ्यांना उचलतो, आणि क्रेन चालवत असतात कोण तर ते तीन डोळ्यांचे हिरवे छोटे एलियन, जे पहिल्या भागापासून त्या पंजाची देवासारखी भक्ती करत आलेत. आमच्या थिएटरात तिथे पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि मोठ्यांनी सुस्कारे टाकले होते. ही सुटका त्याने पाहिलेलीच नाही. तेव्हा एखाद्या दुपारी, उजेड असताना, त्याला मांडीवर घेऊन आधी तोंडी सांगा की ते सगळे वाचले, हिरव्या एलियननी वाचवलं, बघायचंय का? हो म्हणाला तर तेवढाच तुकडा लावा, नाही म्हणाला तर दाखवू नका, पण वाचले हे जरूर सांगा. शेवट आधी सांगितला तर मजा जाते हा मोठ्यांचा नियम, लहान मुलं उलट शेवट माहीत असलेलीच गोष्ट रोज रात्री मागतात. आणि पहिल्या भागात शेजारचा सिड, जो खेळणी मोडतो, त्याच्या खोलीतली खेळणी, ते बाहुलीचं डोकं आणि लोखंडी कोळ्याचे पाय वगैरे, त्याबद्दलही खूप आयांनी लिहिलंय, तिथेही हेच, आधी सांगा की ती दिसायला भीतीदायक आहेत पण बझचा तुटलेला हात तीच जोडून देतात.

प्रश्न : मी ४४ वर्षांचा, बँकेत नोकरी. मोठी मुलगी दहावी झाली, जूनमध्ये पुण्याला हॉस्टेलवर जाणार. धाकटी आठ वर्षांची. तिघांनी मिळून तिसरा भाग पाहिला. धाकटी बटाट्याच्या त्या खेळण्याला बघून लोळून लोळून हसत होती आणि मला शेवटी असं रडू आलं की उठून गॅलरीत जावं लागलं. मोठी मागून पाणी घेऊन आली, काही बोलली नाही. वडील वारले तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. खेळण्यांसाठी कोणी असं रडतं का?
— एक बाबा, नागपूर

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही खेळण्यांसाठी रडला नाहीत दादा, आणि हे तुम्हालाही माहितीये, नाहीतर जूनमधलं हॉस्टेल पत्रात पहिल्याच ओळीत आलं नसतं.

या सिनेमात घरातले लोक एका सोफ्यावर बसून वेगवेगळा सिनेमा बघत असतात असं मला नेहमी वाटतं. धाकटीला दिसतो तो मिस्टर पोटॅटो हेड, जो आपले डोळे, कान, हात काढून एका पोळीला लावतो आणि ती लिबलिबीत पोळी चालायला लागते, किंवा मग बझचं बटण चुकीचं दाबलं जातं आणि तो स्पॅनिश बोलत नाचायला लागतो. तिथे आठ वर्षांच्या पोरीने लोळायलाच पाहिजे. मोठीला दिसतो अँडी, सतरा वर्षांचा, कॉलेजला निघालेला, ज्याला खोली आवरायला सांगितलीये आणि काय बरोबर न्यायचं, काय माळ्यावर टाकायचं आणि काय कचऱ्यात हे ठरवायचंय. आणि तुम्हाला दिसते अँडीची आई, जी त्या रिकाम्या खोलीच्या दारात येते आणि भिंती बघून तिचा श्वासच अडकतो. आणि वुडी. ज्याचं कामच हे होतं की पोरगं लहान असताना त्याच्याजवळ असायचं, आणि ते काम त्याने इतकं नीट केलंय की आता ते संपलंय.

शेवटी अँडी ती पेटी घेऊन छोट्या बॉनीच्या अंगणात जातो, एकेक खेळणं तिच्या हातात देतो आणि प्रत्येकाची ओळख करून देतो, हा कसा आहे, ही किती शूर आहे. मग बॉनीला पेटीच्या तळाशी वुडी दिसतो, ती हात पुढे करते आणि अँडी पटकन वुडीला मागे ओढतो. ठरवून नाही, हात आपोआप मागे जातो. माझ्या मते सगळ्या भागांत मिळून तो सगळ्यात खरा क्षण आहे. मी तिथेच गेले कामातून, आणि मला तर मूलही नाही, भाच्याला घेऊन गेले होते.

अजून एक गोष्ट, हा भाग पहिल्यानंतर पंधरा वर्षांनी आला. १९९५ ला अँडीचा आवाज दिलेला मुलगा, जॉन मॉरिस, त्यानेच मोठा झालेल्या अँडीचा आवाज दिलाय. ज्या पोरांनी पहिला भाग शाळेत असताना पाहिला ती तिसरा बघायला कॉलेजातून आली होती, म्हणजे पडद्यावर अँडी खेळणी देतोय आणि खुर्चीत बसलेलेही नुकतीच आपली देऊन किंवा टाकून आलेले. अॅनिमेशनपटाने जगभरात एक अब्ज डॉलरच्या वर कमाई केली ती पहिल्यांदा याच भागाने, आणि ती फक्त पोरांच्या तिकिटांवर झालेली नाही.

मोठीने पाणी आणलं आणि काही बोलली नाही म्हणता ना, तिला सगळं समजलंय. जूनच्या आधी एकदा तिला सांगा की त्या दिवशी मी तुझ्यासाठी रडत होतो. वडील गेले तेव्हा रडला नाहीत त्याबद्दलही तिच्याशी बोललात तर बरं होईल, पण ते तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : मावशी, मी चौथीत आहे. वुडी बझला खिडकीतून खाली पाडतो, मग तो हिरो कसा? माझा दादा म्हणतो हिरो असं करत नाही.
— कोल्हापूर

उत्तर : किती छान प्रश्न विचारलास गं! ज्यांनी हा सिनेमा बनवला त्यांनाही याच प्रश्नाने रडवलं होतं, खरंच. गंमत ऐक. आधी त्यांनी जी गोष्ट केली होती तिच्यात वुडी फारच दुष्ट होता, सगळ्यांवर खेकसायचा, आणि बझला त्याने मुद्दाम खिडकीतून फेकलं होतं. १९ नोव्हेंबर १९९३ ला त्यांनी तो अर्धवट सिनेमा पैसे घालणाऱ्या डिस्ने कंपनीच्या मोठ्या साहेबांना दाखवला, तर साहेबांना तो अजिबात आवडला नाही, असा हिरो कोणाला आवडेल असंच त्यांना वाटलं आणि काम थांबवायला सांगितलं. पिक्सारची माणसं त्या दिवसाला अजून काळा शुक्रवार म्हणतात. मग त्यांनी बसून गोष्ट परत लिहिली.

आता तू परत एकदा नीट बघ. नवीन गोष्टीत वुडीला बझला फक्त टेबलाच्या मागे पाडायचं असतं, म्हणजे अँडी आपल्यालाच बरोबर नेईल, आणि त्यासाठी तो रिमोटची गाडी बझच्या अंगावर सोडतो, पण मग एकाला दुसरं लागत जातं, तो दिवा गर्रकन फिरतो आणि बझ बाहेर पडतो. म्हणजे चुकला का? चुकलाच. त्याला बझचा हेवा वाटत होता, तुझ्या दादाला विचार तू जन्मलीस तेव्हा त्याला कसं वाटलं होतं. पण मग तोच वुडी बझला परत आणायला सिडच्या घरात अडकतो, प्लास्टिकच्या क्रेटखाली कोंडला जातो, तरी एकटा पळून जात नाही. म्हणून मला तो हिरो वाटतो. दादाला नसेल वाटत तर नसू दे, त्याने त्याचं कारण लिहून पाठवावं, मी छापीन.

प्रश्न : सासूबाई सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आल्यात. इंग्रजी येत नाही. नातवाबरोबर दुसरा भाग इंग्रजीतच पाहिला आणि जेसीच्या गाण्याला डोळे पुसत होत्या. त्यांना कळलं कसं?
— एक सूनबाई

उत्तर : कारण ते गाणं ऐकून नाही, बघून कळतं. एक मुलगी जेसीशी खेळते, मग मोठी होते, पलंगावर नेलपॉलिश आणि फोन येतात, जेसी पलंगाखाली घरंगळते आणि तिथेच धूळ खात राहते, मग एक दिवस ती मुलगी तिला उचलते, जेसीला वाटतं आली परत माझी सखी, आणि गाडी जाऊन थांबते ती जुन्या वस्तू दान करायच्या पेटीपाशी. तीनचार मिनिटांत सगळा संसार. रँडी न्यूमनने लिहिलेलं आणि सारा मॅक्लॉक्लनने गायलेलं गाणं आहे, शब्द सुंदर आहेत, पण ते काढून टाकले तरी सासूबाईंना जे कळलं ते कळलंच असतं. त्यांनाच विचारा ना त्यांना कोण आठवलं, नातवासमोर विचारा, त्यालाही ऐकू दे.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. वर्गात पोरांच्या दप्तरावर, डब्यावर, बाटलीवर हीच चित्रं. तुम्ही एवढं कौतुक करताय पण हे सगळं शेवटी खेळणी खपवण्यासाठीच नाही का?
— म्हापसा, गोवा

उत्तर : बाई, तुमचा राग बरोबर आहे, खेळणी खपतात आणि भरपूर खपतात, त्याला मी नाही म्हणणार नाही. पण सुरुवात तशी नव्हती. पहिल्या भागासाठी बार्बी हवी होती तर मॅटेल कंपनीने दिली नाही, सिनेमा चालल्यावर दुसऱ्या भागात दिली. आणि १९९५ च्या नाताळात दुकानदारांनी बझच्या बाहुल्या एवढ्या कमी मागवल्या होत्या की त्या संपूनच गेल्या, पोरं मागतायत आणि दुकानात नाहीत, यावर दुसऱ्या भागात बार्बीच्याच तोंडी एक टोमणा आहे. म्हणजे प्रेक्षकांचं प्रेम आधी आलं आणि दुकान मागून धावत आलं.

उलटं उदाहरण २०१४ च्या ‘लेगो मूव्ही’चं घ्या. तिथे सिनेमाच कंपनीच्या खेळण्यावर, म्हणजे जाहिरातच म्हणायची. मीही तशीच नाक मुरडत गेले होते. पण त्यात शेवटी जे उघड होतं ते असं की हे सगळं एका घराच्या तळघरात चाललंय, बापाने लेगोची शहरं नीट रचून ठेवलीत आणि कोणी हात लावू नये म्हणून तो ती गोंदाने कायमची चिकटवून टाकणार आहे, आणि त्याचा लहान मुलगा गुपचूप येऊन खेळतोय. माझ्या पुढच्या रांगेत एक बाबा पोराला मांडीवर घेऊन बसले होते, ते तिथे एकदम गप्प झाले आणि पोरगं वळून त्यांच्याकडे बघायला लागलं. जाहिरातीने असं होत नाही.

तुम्हाला वर्गासाठी एक सुचवते. चौथ्या भागात बालवाडीत वुडी कचऱ्यातून एक प्लास्टिकचा काटाचमचा काढून बॉनीच्या टेबलावर टाकतो, ती त्याला तारेचे हात आणि चिकटवायचे डोळे लावते आणि तो तिचा सगळ्यात लाडका फोर्की होतो. बाजारातलं एकही खेळणं त्याच्यापुढे टिकत नाही. पोरांना सांगा घरातून टाकाऊ वस्तू आणा आणि त्यातून आपला फोर्की करा, त्याचं नाव काय, तो कशाला घाबरतो ते सांगा. आणि तुमच्यापासून सावंतवाडी काही लांब नाही, चितारआळीत लाकडी खेळणी, रंगवलेली फळं, भाज्या मिळतात, त्यांच्यावर कुठलाच सिनेमा नाही, म्हणजे गोष्ट पोरांनाच करावी लागेल.

प्रश्न : चौथा भाग नको होता यावरून आमच्या रूमवर भांडण झालं. तिसऱ्यात एवढा भारी शेवट केला मग वुडीने बॉनीला सोडून जायचं म्हणजे धोकाच ना? तुमचं मत सांगा, आम्ही तेच फायनल धरणार.
— इंजिनिअरिंगची तीन मुलं, नाशिक

उत्तर : माझं मत फायनल धरू नका पण सांगते. मी पहिल्यांदा बघून आले तेव्हा मलाही राग आला होता, ज्याने आयुष्यभर इतरांना शिकवलं की पोराला सोडायचं नाही तोच बो पीप या चिनीमातीच्या बाहुलीबरोबर थांबतो आणि बाकीचे गाडीतून निघून जातात. ऑस्कर मिळालं तरी राग गेला नाही. दुसऱ्यांदा आईबरोबर पाहिला, ती तेव्हा नुकतीच तीस वर्षांच्या नोकरीतून रिटायर झाली होती, आणि ती म्हणाली, बरं झालं, बॉनी त्याला कपाटातच ठेवत होती, कोणी बोलावत नसताना किती दिवस दाराशी बसायचं त्याने. त्यानंतर मला तो धोका वाटत नाही. तुम्ही विशीत आहात, तुम्हाला तो धोका वाटणारच, आणि मला वाटतं त्या वयात वाटावा.

प्रश्न : अगं मुली, मी ७१ वर्षांची. नातू सहा वर्षांचा, हा सिनेमा बघितल्यापासून एक वस्तू टाकू देत नाही. चाक मोडलेली गाडी, एक फाटका कापडी हत्ती ज्यातून सगळा कापूस बाहेर आलाय, सगळं जपून ठेवतो, रात्री सगळ्यांना माझ्या जुन्या पातळाने झाकतो, त्यांना थंडी वाजते म्हणतो. सून म्हणते घरात पाय ठेवायला जागा नाही. सिनेमाने पोर बिघडलं का?
— एक आजी, सातारा

उत्तर : आजी, नमस्कार. पोर बिघडलेलं नाही, सहा वर्षांचं आहे. जाँ पियाजे नावाचे स्वित्झर्लंडचे एक मोठे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९२० च्या दशकातच लिहून ठेवलंय की लहान मुलांना निर्जीव वस्तूंतही जीव आहे, त्यांनाही मन आहे असं वाटतं, आणि वाढत्या वयाबरोबर ते हळूहळू कमी होतं. तेव्हा टॉय स्टोरी कुठे होता! तुम्ही स्वतः बाहुलाबाहुलीचं लग्न लावलं असेल, वरात काढली असेल, भातुकलीत गूळदाण्याचं जेवण घातलं असेल, पोळ्याला मातीच्या बैलाच्या तोंडाशी पुरणपोळी धरली असेल, तेव्हा तो खात नाही हे माहीत होतं की नव्हतं? दोन्ही होतं ना. नातवाचंही तसंच आहे, सिनेमाने त्याच्या मनात नवीन काही घातलेलं नाही, त्याला आधीच वाटत होतं ते खरं आहे असं फक्त सांगितलं.

सूनबाईंचंही खरंय, पसारा आवरायलाच हवा, पण तो शाळेत गेल्यावर गुपचूप भंगारात देऊ नका हो. त्याने सिनेमात नेमकं हेच पाहिलंय, आईचा गैरसमज होतो आणि काळ्या पिशवीतली खेळणी कचऱ्याच्या गाडीपाशी जातात. असं झालं तर तो उरलेली अजून घट्ट धरून बसेल. त्यापेक्षा अँडीसारखं करा. जी धड आहेत आणि तो खेळत नाही ती त्यालाच निवडू दे, ओळखीतलं एखादं लहान मूल बघा, आणि त्याने स्वतः जाऊन द्यायची, प्रत्येकाचं नाव आणि सवय सांगून, हा रात्री घाबरतो, याला उंचावर ठेवू नको. एका वेळी दोन किंवा तीन, जास्त नाही. माझ्या भाच्याच्या बाबतीत हे केलं तर पहिल्या दिवशी रडला, पण आठवड्याने स्वतःच त्या घरी जाऊन गाडी कशी आहे ते बघून आला.

मोडलेलं चाक दुरुस्त होत नसेल तर त्याला समोर बसवून सांगा की आता हे होत नाही, आणि त्याला हवं तसा निरोप देऊ दे.

हत्ती मात्र ठेवा. दुसऱ्या भागात वुडीचा हात फाटतो आणि एक म्हातारे गृहस्थ आपली पेटी घेऊन येतात, चष्मा लावतात, सुईत दोरा ओवतात आणि तो हात असा शिवतात की टाकासुद्धा दिसत नाही, मग वुडीचे डोळे पुसतात, गाल रंगवतात. पोरं तो सीन इतक्या शांतपणे बघतात, कुठलीच मारामारी नसताना, मी प्रत्येक वेळी बघते. तुमच्या नातवानेही पाहिलाच असणार. तेव्हा पुढच्या रविवारी जुन्या उशीतला कापूस काढा, हत्ती मांडीवर घ्या, नातवाला शेजारी बसवा, आणि तुम्हाला आता बारीक दिसत नसेल तर सुईत दोरा त्यालाच ओवायला सांगा.